अ‍ॅम्प्लिफायरसाठी घरचा रेग्युलेटर: ७८१२, एलएम ३१७ की नुसता ट्रान्झिस्टर?

घरी बांधलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये गाणं थांबलं की हमिंग (सततची गुरगुर) ऐकू येतं आणि कुणीतरी सांगतं, "रेग्युलेटर लाव." रेग्युलेटर म्हणजे सप्लायचं व्होल्टेज ठरावीक आकड्यावर बांधून ठेवणारा भाग. कोणता, हे विचारण्याआधी कुठे, हे ठरवा.

स्पीकर चालवणारी पॉवर आयसी टीडीए २०३०ए घेऊ. १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर, एसीचा डीसी करणारा डायोडचा ब्रिज, अधिक आणि उणे दोन्ही बाजूंना ४७०० मायक्रोफॅरडचे फिल्टर कपॅसिटर. ४ ओहमच्या स्पीकरला १८ वॅट द्यायचे तर शिखराला ३ अँपिअर लागतात. ७८१२ काय किंवा एलएम ३१७ काय, दोघांचीही धाव एक-दीड अँपिअरपर्यंत. ढोलकीची जोरदार थाप आली की आवाज फाटतो. त्यातून ही आयसी सप्लायमधली गुरगुर स्वतःच बरीच दाबते. म्हणून पॉवर आयसीला रेग्युलेटर लावूच नका, तो पैसा मोठ्या कपॅसिटरमध्ये घाला. खरी गरज आहे पॉवर आयसीच्या आधी बारीक सिग्नल वाढवणाऱ्या प्रीअ‍ॅम्प आणि टोन कंट्रोलच्या बोर्डाला, कारण तिथे शिरलेलं हमिंग पुढे कित्येक पट मोठं होऊन बाहेर पडतं. आणि त्या बोर्डाला करंट लागतो जेमतेम २० मिलिअँपिअर. १७ व्होल्टचे १२ करताना उष्णता होते ०.१ वॅट. हीटसिंकसुद्धा लागत नाही.

आता निवड. ७८१२ (अधिक १२ व्होल्ट) आणि ७९१२ (उणे १२ व्होल्ट) ची जोडी सगळ्यात सोपी: तीन पाय, दोन-चार कपॅसिटर, काम झालं. पण दोघांचे पाय सारखे नाहीत. ७८१२ चा मधला पाय ग्राउंड, ७९१२ चा मधला पाय इनपुट. मी पहिल्यांदा जोडताना ७९१२ ला ७८१२ सारखंच लावलं. काही सेकंदांत शेजारचा कपॅसिटर टरारून फुगला, फटकन फुटला आणि तो आंबूस वास खोलीत दोन दिवस राहिला.

एलएम ३१७ (अधिक बाजूला) आणि ३३७ (उणे बाजूला) यांचं व्होल्टेज आपण ठरवतो, त्यासाठी दोन रेझिस्टर जास्त लागतात, पण मी हीच जोडी घ्या म्हणेन. आउटपुट आणि अ‍ॅडजस्टच्या मध्ये १२० ओहम, अ‍ॅडजस्ट ते ग्राउंड १ किलोओहम घातला की साधारण ११.७ व्होल्ट मिळतात. अ‍ॅडजस्टच्या पायावर १० मायक्रोफॅरड लावला की रिपल (सप्लायमधली गुरगुर) दाबण्याची ताकद सुमारे ६५ डेसिबलवरून ८० वर जाते. म्हणजे उरलेली गुरगुर आणखी पाचपटींहून कमी. तो कपॅसिटर लावलात तर अ‍ॅडजस्टकडून आउटपुटकडे जाणारा एक १एन४००२ डायोडही लावा (३३७ ला उलटा), नाहीतर आउटपुट शॉर्ट झाल्यावर कपॅसिटर आयसीमधूनच रिकामा होतो. ३१७ चा धातूचा पत्रा आउटपुटला जोडलेला असतो. चॅसिसवर कसायचा तर मध्ये वीज अडवणारं अभ्रक आणि बुश विसरू नका.

या जोडीचा खरा फायदा गावाकडे कळतो. संध्याकाळी पंप सुरू झाले आणि लाइन १९० व्होल्टपर्यंत उतरली की १२-०-१२ मधून फिल्टरनंतर १३ च्या आसपास उरतात. ७८१२ ला साडेचौदा तरी हवेत. तेवढे मिळाले नाहीत की रेग्युलेशन सुटतं आणि हमिंग परत येतं. ३१७ आणि ३३७ मध्ये फक्त १ किलोओहमच्या जागी ८२० ओहम घाला, आउटपुट ९.८ वर येतं. ऑप-अ‍ॅम (प्रीअ‍ॅम्पच्या आयसी) तेवढ्यावरही छान चालतात.

झेनर (ठरावीक व्होल्टेज धरणारा डायोड) आणि टीआयपी ४१ ट्रान्झिस्टरचा जुना सर्किट शिकायला उत्तम. १२ व्होल्टच्या झेनरवर सव्वाअकराच्या आसपास मिळतात. मात्र त्यात शॉर्टपासून संरक्षण नसतं, एक तार निसटली की ट्रान्झिस्टर गेला. झेनर काढून बेसवर रेझिस्टर आणि मोठा कपॅसिटर ठेवला तर तो कपॅसिटन्स मल्टिप्लायर होतो. तो व्होल्टेज बांधून ठेवत नाही, दोन-तीन व्होल्ट खातो, पण गुरगुर सुंदर गाळतो. सतत जास्त करंट ओढणाऱ्या क्लास ए अ‍ॅम्प्लिफायरला मी तोच लावेन.

खरेदीआधी एक चाचणी करा. व्हॉल्यूम शून्यावर आणा, प्रीअ‍ॅम्पची वायर काढा आणि पॉवर बोर्डाचं इनपुट ग्राउंडला शॉर्ट करा. हमिंग तसंच राहिलं तर ग्राउंडच्या तारा तपासा: स्पीकरचं ग्राउंड, बोर्डाचं ग्राउंड, सगळं फिल्टर कपॅसिटरच्या एकाच टोकाला वेगवेगळ्या तारांनी आणायचं. थांबलं, तर मग प्रीअ‍ॅम्पकडे वळा आणि ३१७ विकत घ्या.