बडोद्यात बसून घाट चढताना: इनडोअर सायकलिंगचे दहा महिने

डिसेंबर २०२४च्या शेवटच्या आठवड्यात अजवा रोडवरून परत येताना गळ्याशी काहीतरी खरखरलं. थांबून पाहिलं तर हेल्मेटच्या पट्ट्यात मांजा अडकलेला. पट्ट्याची कड उसवली होती, कातडीवर लाल रेघ उठली होती. पट्टा दोन बोटं खाली असता तर काय झालं असतं, हा विचार मी आजही करत नाही. उत्तरायणाच्या आधी बडोद्यात स्कूटरवाले हँडलला तारेची कमान लावतात, गळ्याभोवती रुमाल गुंडाळतात. रोड बाइकवर पुढे वाकून बसणाऱ्याला त्या कमानीचा फारसा उपयोग नाही. घरी आल्यावर सगळं सांगितलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, देवापाशी जाऊन दिवा लावला. त्याच रात्री मी आणि नवऱ्याने ठरवलं की निदान संक्रांत होईपर्यंत सायकल घरातच चालवायची.

संक्रांत झाली, पण ट्रेनर, म्हणजे सायकल अडकवून घरात जागच्या जागी चालवायचं यंत्र, हलला नाही. आज दहा महिने झाले. सकाळच्या ग्रुपमधल्या मैत्रिणी सारख्या विचारतात, "खरंच उपयोग होतो का? की पैसे वाया?" म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

माझं वय ४७, वजन सुरुवातीला ६२ किलो. सहा वर्षं सायकल चालवतेय, आठवड्यातून तीनदा, रविवारी परतताना सगळ्यांबरोबर शेव-उसळ. शर्यतीत कधी उतरलेली नाही. आणि बडोद्याचा सायकलस्वार म्हणजे सपाटीचा सायकलस्वार. सिंधरोटला जा, अजव्याला जा, चढ म्हणून जो काही येतो तो उड्डाणपुलाचा. पुण्याचे लोक सिंहगडाच्या गोष्टी सांगायला लागले की आम्ही ऐकून घेतो.

ट्रेनर दोन प्रकारचे मिळतात. एकात मागचं चाक तसंच ठेवून ते रोलरवर टेकवतात. हा स्वस्त पडतो, पण टायर झिजतो आणि आवाज जास्त होतो. दुसऱ्यात मागचं चाक काढून साखळी थेट ट्रेनरच्या कॅसेटवर (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांवर) चढवतात, त्याला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. आम्ही दुसरा घेतला. खोकं उघडलं तर आत कॅसेटच नव्हती! दुकानदाराने विकताना ते सांगितलं नव्हतं, विचारायला हवं हे आम्हाला माहीत नव्हतं. माझ्या सायकलला नऊ गिअर, त्याला जुळणारी कॅसेट आणि ती बसवायचं हत्यार मिळेपर्यंत नऊ दिवस गेले. तेव्हा पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारा: कॅसेट सोबत आहे का, आणि आपल्या सायकलचा मागचा अॅक्सल (चाकाचा आस) त्याला बसतो का.

आता ट्रेनरला जोडायच्या, पडद्यावर रस्ता दाखवणाऱ्या अॅपबद्दल. मी तीन वापरली. झ्विफ्टमध्ये वाटोपिया नावाचं कल्पित बेट आहे, त्यात ज्वालामुखी आहे, समुद्राखालून जाणारा बोगदा आहे, आणि कुठल्याही वेळी गेलं तरी जगभरची माणसं तिथे सायकल चालवत असतात. चेक कंपनीच्या रूव्हीमध्ये खऱ्या रस्त्यांचे व्हिडिओ आहेत. आल्प्समधला घाट, खरी झाडं, खरी गावं, आणि चढ आला की ट्रेनर आपोआप जड होतो. अमिरातीतलं मायवूश फुकट आहे. ज्यांना नुसतं बघायचंय की हे आपल्याला आवडतं का, त्यांनी तिथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

पण मी टिकले ती एका चढामुळे. वाटोपियात अॅल्प द्यू झ्विफ्ट नावाचा घाट आहे. फ्रान्समधल्या अॅल्प द्युएझवरून बेतलेला, तशीच २१ वळणं. लांबी १२.२ किलोमीटर, चढाई १,०३६ मीटर, सरासरी साडेआठ टक्के. ज्या बाईने आयुष्यात उड्डाणपुलापलीकडे एकही चढ पुरा केला नव्हता, तिच्यासमोर हे एका पहाटे पडद्यावर आलं. मार्चमध्ये पहिल्यांदा वर पोहोचले तेव्हा २ तास ६ मिनिटं लागली. प्रत्येक वळणावर पाटी येते आणि आकडा एकेकाने उतरतो. चौदाव्या पाटीला मी रडायच्या बेतात होते. वर पोहोचल्यावर दहा मिनिटं खुर्चीत बसून राहिले, आणि सासूबाईंनी न विचारता ताकाचा पेला आणून दिला.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेणं फार गरजेचं आहे, कारण यावरून भांडणं झालेली मी पाहिली आहेत. झ्विफ्टमध्ये ट्रेनर डिफिकल्टी नावाची सोय असते, ती मुळात ५० टक्क्यांवर ठेवलेली असते. म्हणजे पडद्यावर ८ टक्के चढ असेल तर पायाला तो ४ टक्क्यांसारखा लागतो. याने फसवणूक होत नाही. वर पोहोचायला तितकेच वॅट (पायांच्या ताकदीचं माप) तितकाच वेळ द्यावे लागतात, फक्त गिअर कमी बदलावे लागतात. मी ती मुद्दाम १०० टक्क्यांवर नेली, कारण मला खऱ्या घाटाचा सराव हवा होता. ज्यांच्या सायकलला हलके गिअर नाहीत त्यांनी तसं करू नये, गुडघे दुखतील.

सुरुवातीला एफटीपी काढतात, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशी जास्तीत जास्त ताकद. वीस मिनिटं जीव तोडून चालवायचं आणि सरासरी वॅटचे ९५ टक्के घ्यायचे. माझी सरासरी ११८ आली, म्हणजे एफटीपी ११२. आता १३९ आहे. सहा वर्षं रस्त्यावर चालवून मला माहीतच नव्हतं की मी नेमकी किती जोर लावते. वाऱ्याने ढकललं की मी स्वतःला मजबूत समजायची, वारा समोरून आला की आजारी. वॅटला वारा कळत नाही. वजनाचा आकडा मात्र आपणच भरायचा असतो, आणि तो खरा भरावा. पडद्यावरचा चढाचा वेग किलोमागे किती वॅट यावर ठरतो. पाच किलो कमी लिहिले की वर लवकर पोहोचाल, पण तो घाट तुम्ही चढलेला नसतो.

अर्ग मोडबद्दल सावध करते. यात अॅप वॅट ठरवतं आणि ट्रेनर तेवढा भार धरून ठेवतो. पाय जलद फिरवले तर भार कमी, हळू फिरवले तर जास्त. दमून पाय मंदावले की भार वाढतो, त्याने पाय आणखी मंदावतात, आणि शेवटी चिखलात रुतल्यासारखे थांबतात. असं होतंय वाटलं की वेळीच जोर लावून फेरे वाढवा, नाहीतर तो मोड बंद करून अर्धा मिनिट सैल चालवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि याबद्दल मला कोणीच आधी बजावलं नव्हतं: उकाडा. आपल्या स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के असते. पेडलला १२० वॅट पोहोचवायचे तर त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता अंगातून बाहेर पडते. रस्त्यावर ताशी २५च्या वेगाचा वारा ती घेऊन जातो. घरात वारा शून्य. जानेवारीत हे जाणवलं नाही. एप्रिलमध्ये, पहाटे साडेपाचलासुद्धा खोली तापलेली असताना, तेवढ्याच वॅटला तासाच्या शेवटी माझे ठोके १४२वरून १६१वर गेले. डोकं हलकं झालं, डोळ्यांसमोर अंधारी आली. मला वाटलं आपलं वय झालं. वय नव्हतं, छताचा पंखा होता. तो डोक्यावर हवा फिरवतो, अंगावरून नेत नाही. नवऱ्याने मांडववाल्यांकडे असतो तसला मोठा फर्राटा पंखा आणला आणि समोर छातीच्या उंचीवर ठेवला. दुसरा जुना टेबल फॅन पाठीमागे. आठवडाभरात तेच वॅट, तोच तास, आणि ठोके १४८. कोणी मला विचारलं की अॅपवर खर्च करू की पंख्यावर, तर मी आधी पंखा म्हणेन.

एकदा व्यायामाआधी आणि नंतर वजन करून बघा. मे महिन्यात माझं एका तासात १.१ किलो उतरलं, आणि ते सगळं पाणीच होतं. तेव्हापासून एका बाटलीत साधं पाणी, दुसऱ्यात लिंबू-मीठ-साखर. घामाचं मीठ सायकललाही खातं. जूनमध्ये हँडलचे स्क्रू उघडायला गेले तर गंजून बसलेले, एक तर तुटूनच आला. त्यामुळे हँडलवर टॉवेल हवाच, आणि राइड संपल्यावर ओल्या फडक्याने सायकल पुसून कोरडी करायची, अगदी स्वयंपाकाचा ओटा पुसतो तशी.

बायकांसाठी मोकळेपणाने लिहिते. रस्त्यावर आपण नकळत उठतो, उतारावर पाय थांबवतो, खड्डा आला की सीटवरून अंग उचलतो. ट्रेनरवर यातलं काहीच होत नाही, सायकल खिळून असते आणि सगळा भार एकाच जागी. पहिल्या महिन्यात मला बधिरपणा यायचा आणि जांघेत पुरळ उठलं होतं. लाजून सांगितलं नाही, त्यात दोन आठवडे फुकट गेले. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहून चालवा, चांगली पॅडवाली शॉर्ट घाला आणि सीटचं टोक किंचित खाली करून बघा. माझ्या बाबतीत शेवटच्या गोष्टीने फरक पडला.

आवाजाचं असं की ट्रेनरचा आवाज पंख्याखाली दबतो, पण कंप स्लॅबमधून खाली उतरतो. दुसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकी वर आल्या. "बेन, सवारमां आ शेनो अवाज छे?" त्यांना नीट झोप लागत नव्हती, आणि त्यांचं बरोबरच होतं. जाड रबरी मॅट, त्याखाली घडी घातलेली घोंगडी, आणि सहाच्या आधी सुरू करायचं नाही असं ठरलं. उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच सांगितलं की साडेपाचला केलंस तरी चालेल. आता त्यांची सून अधूनमधून येऊन पंधरा मिनिटं चालवून जाते.

जोडणीत एक घोळ वारंवार झाला. माझा ट्रेनर ब्लूटूथवर एका वेळी एकाच उपकरणाशी बोलतो. फोनमधलं अॅप मागे उघडं राहिलं की टॅब्लेटला ट्रेनर सापडतच नाही. दोन सकाळी मी ट्रेनर बिघडला समजून बसले होते. नेटचा त्रास फारसा नाही. कल्पित जगाचं अॅप टॅब्लेटवरच चालतं, नेट गेलं तर बाकीची माणसं दिसेनाशी होतात आणि आपण एकटे चालवत राहतो. व्हिडिओवाल्या रस्त्यांना मात्र स्थिर नेट लागतं.

माणसांची सोबत हा माझा सगळ्यात मोठा प्रश्न होता. भिंतीकडे तोंड करून एकटीने चालवायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. पुण्याला भाचा आहे, भावाचा मुलगा, चोवीस वर्षांचा. त्याने झ्विफ्टवर दर बुधवारी भेट ठरवली. त्यात सगळ्यांना एकत्र ठेवायची सोय आहे. तो माझ्या दुप्पट वॅट देतो, तरी पडद्यावर आम्ही शेजारी शेजारीच. फोन स्पीकरवर असतो. "आत्या, पाणी प्यालीस का?" दर पाच मिनिटांनी. भावाच्या घरी काय चाललंय हे मला आता त्या बुधवारी कळतं. याच्या आधी आम्ही वर्षातून दोनदा बोलत असू, राखीला आणि दिवाळीला.

त्यानेच लिआ थोरव्हिलसनबद्दल सांगितलं. मॅरेथॉन धावणारी बाई. २०१६मध्ये झ्विफ्टच्या निवड स्पर्धेत पहिली आली आणि तिला व्यावसायिक महिला संघात करार मिळाला. २०२० मध्ये या सायकलिंगची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा पुरुषांत जिंकला तो जर्मनीचा जेसन ऑस्बॉर्न, मूळचा नौकानयनपटू. मला कुठल्या संघात जायचं नाही, पण ट्रेनरवरची मेहनत खरी असते याबद्दल मनात शंका होती, ती गेली.

तरी रस्ता तो रस्ता. तीन महिने फक्त घरात चालवून एप्रिलमध्ये अजव्याला गेले, तर पाय दणकट आणि हात विसरलेले. वळणावर सायकल डगमगली, ब्रेक उशिरा दाबला, मागून ट्रक आला की खांदे ताठ. तोल सांभाळणं, खड्डा चुकवणं, मान वळवून मागे बघणं ट्रेनर शिकवत नाही, उलट विसरायला लावतो. तेव्हापासून महिन्यातून निदान दोन रविवार बाहेर काढतेच.

श्रावण संपल्यावर, नवरात्राची गर्दी सुरू व्हायच्या आधी, एका मंगळवारी आम्ही सायकली गाडीवर टाकून बडोद्याजवळच्या पावागढच्या डोंगरावर गेलो. चांपानेरच्या कोटातून वर माचीपर्यंत वळणावळणाचा रस्ता. पावसाने सगळा डोंगर हिरवा. मागे दोनदा मी इथे अर्ध्यात उतरून सायकल ढकलली होती. या वेळी पहिल्या वळणालाच पायांना ओळख पटली: हा जोर माहीत आहे, हा तासभर टिकतो. मीटरवर १२५ वॅटच्या पुढे जायचं नाही एवढंच ठरवलं होतं. फरक होता तो वासात, ओल्या मातीच्या आणि चहाच्या, आणि तोंडावर लागणाऱ्या वाऱ्यात. पाय न टेकता माचीला पोहोचले. वर रोपवेच्या रांगेत उभ्या असलेल्या एका आजींनी विचारलं, "चालत नाही का येता येत?" मी नुसती हसले, बोलायला श्वास नव्हता.

पैशांचं सांगते. झ्विफ्टचा दर २०२४ मध्ये महिना १९.९९ डॉलर झाला, माझ्या कार्डावर सतराशेच्या आसपास कापले जातात. मी बाराही महिने भरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस आणि पाणी साचण्याचे दिवस, तेव्हा चालू. सप्टेंबरपासून बंद करून फुकटच्या अॅपवर. ट्रेनर महाग आहे हे खरं आहे आणि मी ते लपवत नाही. कोणी वापरलेला विकत असेल तर आधी तासभर चालवून बघा, तापल्यावर आवाज बदलतो का ते ऐका आणि मगच बोला.

एक डिसेंबरपासून झ्विफ्ट पुन्हा सुरू करेन. भाच्याने १४ जानेवारीची पहाट ठरवून टाकली आहे. सगळं बडोदं पतंग घेऊन अगाशीवर (गच्चीवर) चढून 'लपेट'च्या आरोळ्या सुरू व्हायच्या आत आम्हाला अॅल्प द्यू झ्विफ्टचं शेवटचं वळण गाठायचंय. जुलैमध्ये मी १ तास ४२ मिनिटांवर आले होते. तो म्हणतो दीड तास. मी म्हटलं, आधी दोन्ही पंखे साफ करते.