स्क्रू, वायसर, स्प्रिंगा: चुंबकी वाटी घ्यावी की पुठ्ठ्यावर भागवावं?

घरचा मिक्सर, कूलर किंवा पंखा स्वतः उघडायचं ठरवलं, तर सुटे भाग कशात ठेवायचे हे स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी ठरवा. स्क्रू तसे क्वचितच हरवतात. कुठला स्क्रू कुठून निघाला, हेच लक्षात राहत नाही. त्यामुळे वस्तू जोडताना गाडी अडते. मी सगळे पर्याय याच एका कसोटीवर तोलतो: भाग सांभाळला जातो का, आणि त्याची जागाही सांभाळली जाते का?

आधी चुंबकी वाटी, कारण बहुतेकांचा जीव तिच्यावरच जडतो. गॅरेजमध्ये दिसते तीच ही स्टीलची वाटी, तळाला चुंबक बसवलेली. स्टुलावर उभं राहून छताचा पंखा उतरवताना किंवा पत्र्याच्या कूलरमागे वाकून पंपाचे स्क्रू काढताना तिच्यासारखी सोय नाही. कूलरच्या पत्र्याला उभी चिकटवली तरी राहते, धक्का लागला तरी स्क्रू सांडत नाहीत. कूलर प्लास्टिकचा असेल तर मात्र हा फायदा संपला. शिवाय पितळी नट, ॲल्युमिनियमचे भाग, रबरी आणि फायबरचे वायसर चुंबकाला दाद देत नाहीत, स्टेनलेस स्टीलचे बरेच स्क्रूही नाहीत. बेअरिंग तर त्या वाटीत टाकूच नका, लोखंडाचा बारीक कीस त्याला चिकटतो आणि आत जातो. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे सगळे स्क्रू एका ढिगात पडतात. भाग सांभाळला, जागा गेली.

पुठ्ठ्याला खर्च शून्य. साडीच्या किंवा बुटाच्या खोक्याचं झाकण घ्या, त्यावर पेनाने मशीनच्या तळाची ढोबळ आकृती काढा, आणि स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खुपसा. मिक्सरचंच घ्या. तळाचे स्क्रू काही वेळा रबरी पायांच्या आत दडलेले असतात, आणि आतले स्क्रू त्यांच्यापेक्षा आखूड असू शकतात. आखूड स्क्रूच्या जागी लांब बसवून आवळला की प्लास्टिकचा खांब चिरतो. पुठ्ठ्यावर ही अदलाबदल होत नाही, कारण प्रत्येक स्क्रू आपल्या जागी उभा दिसतो.

मोटरमधले कार्बन (फिरणाऱ्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे) काढलेत तर चिकटपट्टीने पुठ्ठ्यावर डावा डावीकडे, उजवा उजवीकडे लावा आणि त्यांची वर-खाली बाजूही लिहा. फिरणाऱ्या भागाशी घासून प्रत्येक कार्बनचं टोक आपल्यापुरतं गोलाईत झिजलेलं असतं. फिरवून बसवला तर तो पुन्हा नीट टेकेपर्यंत जास्त ठिणग्या पडतात. बऱ्याच मिक्सरच्या कपलरला (भांडं फिरवणाऱ्या चकतीला) आणि टेबल फॅनच्या पात्याच्या टोपीला उलटे आटे असतात, म्हणजे ते उजवीकडे फिरवल्यावर सुटतात. तेही तिथेच बाण काढून लिहून ठेवा. वाटीवर असं काही लिहिता येत नाही.

आपल्या सोलापुरात आणखी एक गोष्ट आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना पंखा बंद करून कोण काम करणार? आणि चालू पंख्याखाली फायबरचे पातळ वायसर, अभ्रकाचे तुकडे उडतात. पुठ्ठ्यावर टेपने लावलेले जागचे हलत नाहीत. खाली जमिनीवर मात्र काहीतरी अंथराच. चादरीपेक्षा फिक्या रंगाचं साधं सुती कापड बरं. आपल्याकडचा टर्किश टॉवेल भाग घरंगळू देत नाही हे खरं, पण बारीक स्प्रिंगा त्याच्या फासांत अडकतात.

मोबाईलचे फोटो हवेतच, पण ते पुठ्ठ्याची जागा घेत नाहीत. कुठली वायर कुठे होती, स्प्रिंगचं टोक कुठल्या खाचेत होतं, हे फोटोतच नीट कळतं. स्क्रूची लांबी मात्र स्क्रू बसलेला असताना फोटोत दिसतच नाही. स्प्रिंग सोडताना कोणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. ती कुठल्या बाजूला उडाली तेही त्यात सापडतं.

अंड्यांचा 30 खळग्यांचा ट्रे क्रमासाठी छान आहे, म्हणजे पहिला निघालेला पहिल्या खळग्यात. वॉशिंग मशीनसारखं लांबलचक काम असेल तर तो पुठ्ठ्याच्याही पुढे जातो. पण लहान मुलं किंवा मांजर असलेल्या घरात नको, एका लाथेत सगळं एक होतं.

म्हणून वर्षाकाठी एक-दोन वस्तू उघडणाऱ्याने पुठ्ठा आणि मोबाईल यांवरच भागवावं. चुंबकी वाटी त्याने घ्यावी, जो वारंवार स्टुलावर चढतो किंवा चार घरांचे कूलर-पंखे बघतो. घेतली तरी तिच्यात एका वेळी एकाच जागेचे स्क्रू ठेवावेत. बीएलडीसी पंखा (चुंबकांच्या मोटरचा, कमी वीज खाणारा) उघडणार असाल तर वाटी असो वा नसो, सुटे स्क्रू त्याच्या रोटरपासून, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागापासून, लांब ठेवा. त्यातली चुंबकं स्क्रू आत ओढून घेतात आणि ते सहज नजरेस पडत नाहीत.

काम मध्येच अडलं, पार्ट मिळायला दोन दिवस लागणार असतील, तर सगळं झिपच्या पिशव्यांत भरा आणि आत चिठ्ठी टाका. बाहेर लावलेली चिठ्ठी निघून जाते. नवी पेठेत पार्ट आणायला जाताना जुना भाग तसाच पिशवीत घालून न्या. बेअरिंगवर 6202 असा नंबर कोरलेला असतो, पण कपलर आणि बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) नमुना दाखवल्याशिवाय नेमके मिळत नाहीत. आणि पंख्याच्या दांडीतली स्प्लिट पिन (टोकं वाकवून बसवतात ती) जुनी, सरळ करून पुन्हा वापरण्यासाठी जपू नका. ती तेवढी नवीच आणा.