बडोदा की इंदूर: परदेशी कंपनीने कुठे यावं?

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या कट्ट्यावर हा वाद नेहमीचा, कारण अर्ध्या लोकांचे नातेवाईक इंदूरला. माझं मत बडोद्याकडे आहे, पण आंधळेपणाने नाही.

बघा, ऑक्टोबर २०२४ मध्ये टाटा-एअरबसच्या सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन इथे झालं, स्पेनचे पंतप्रधान सांचेझ स्वतः आले होते, हवाई दलाच्या ५६ पैकी ४० विमानं इथेच जुळणार. बडोद्याजवळच्या सावली गावात बनलेले रेल्वेचे डबे थेट ऑस्ट्रेलियात धावतायत! आणि हे असंच होत नाही, मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, चक्कर मारा, लेथवर वाकलेला कारागीर ट्रान्सफॉर्मरचा पार्ट मायक्रोमीटरने मोजताना दिसेल, मोठ्या कंपनीला असे सप्लायर हाकेच्या अंतरावर लागतात. वर दहेज, हजिरा बंदरं जवळ.

इंदूरला समुद्र लांब, जड माल एक्सपोर्ट करायचा तर तिथेच खर्च वाढतो. पण आयटीवाला असेल तर मी म्हणेन डोळे झाकून इंदूरला जा, टीसीएस, इन्फोसिसचे कॅम्पस आहेत, आयआयटी आणि आयआयएम दोन्ही एकाच शहरात. गाड्यांची टेस्टिंग असेल तर इंदूरजवळच्या पिथमपूरचं नॅट्रॅक्स हे चाचणी केंद्र, ११.३ किमीचा हायस्पीड ट्रॅक, असं आपल्याकडे काहीच नाही. स्वच्छतेत तर त्यांनी २०१७ पासून वर्षानुवर्षं पहिला नंबर सोडला नाही, आणि पाहुण्याला पहिल्यांदा रस्ताच दिसतो हो.

आपल्याकडे विश्वामित्रीचा पूर २०२४ मध्ये घराघरात शिरला, नदीचं काम आधी नीट करा, मग गुंतवणूकदारांना बोलवा.