होस्टिंगची रिकामी जागा, हार्ड डिस्क की क्लाउड: घरच्या फायलींचा बॅकअप कुठे ठेवायचा?

स्वतःच्या वेबसाइटसाठी होस्टिंग, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर भाड्याची जागा, घेतलेलं असलं की साइट जेमतेम दोनेक जीबी खाते आणि प्लॅनवर लिहिलेलं असतं 'अनलिमिटेड', मग साहजिकच वाटतं की घरचे फोटो, आधार-पॅनचे स्कॅन, जुनी कागदपत्रं सगळं तिकडेच टाकावं, वर्षाचे पैसे तर भरलेलेच आहेत.

पण आधी अटी वाचा. बऱ्याच शेअर्ड होस्टिंगमध्ये (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतात ते) सरळ लिहिलेलं असतं की जागा वेबसाइटपुरती आहे, फायली साठवायला नाही, आणि अटी मोडल्या म्हणून अकाउंट बंद झालं तर बॅकअपसोबत साइटही जाते. ड्रीमहोस्ट या होस्टिंग कंपनीने एकेकाळी ग्राहकांना खास बॅकअपसाठी ५० जीबी वेगळे दिले होते, तशी उघड परवानगी असेल तर गोष्ट वेगळी. दुसरं म्हणजे जीबी अनलिमिटेड असले तरी आयनोड, म्हणजे फायलींची संख्या, मोजली जाते, काही ठिकाणी मर्यादा २,५०,००० असते, तेव्हा हजारो सुट्या फायली टाकण्यापेक्षा झिप करून टाकलेल्या बऱ्या.

सगळ्यात काळजीची गोष्ट मात्र ही, की पब्लिक एचटीएमएल फोल्डरमध्ये, म्हणजे जिथून साइट लोकांना दिसते तिथे, टाकलेली फाइल लिंक कळली तर कुणीही उघडू शकतो. आईबाबांचे आधार कार्ड तिथे कृपया ठेवू नका! त्या फोल्डरच्या बाहेर ठेवा, फायली चढवायला साध्या एफटीपीऐवजी एसएफटीपी ही सुरक्षित पद्धत वापरा (साध्या एफटीपीत पासवर्डसुद्धा उघडा जातो), आणि चढवण्याआधी क्रिप्टोमेटर किंवा आरक्लोनच्या क्रिप्टसारख्या सॉफ्टवेअरने एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय त्या कुणाला वाचता येणार नाहीत.

हार्ड डिस्क एकदाच घ्यायची, रिस्टोअर झटपट, दर महिन्याचा खर्च नाही. पण ती लॅपटॉपच्याच कपाटात राहते, पाणी शिरलं किंवा चोरी झाली की दोन्ही एकदम जातात. म्हणून एकटी पुरत नाही, पण पहिली कॉपी म्हणून मला तीच पटते.

क्लाउडमध्ये गूगलचे १५ जीबी फुकट आहेत, पण ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून, आणि १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात, त्यामुळे घरात लहान मूल असेल तर ते कधी भरले कळतही नाही. जास्तीची जागा विकत घ्यावी लागते, पण ती फायली ठेवायलाच असते आणि फोनमधून आपोआप सिंक होतं. फक्त सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, फोनवर डिलीट केलेला फोटो तिकडूनही जातो.

वेगाचाही हिशोब करा. १०० जीबी चढवायला १० एमबीपीएस अपलोडवर जवळपास २२ तास लागतात, १०० एमबीपीएसवर सव्वादोन. होस्टिंगवर एवढं एका दमात ढकललं तर मधेच कनेक्शन तुटू शकतं, पण शेल अ‍ॅक्सेस (सर्व्हरवर थेट कमांड द्यायची सोय) असेल तर आरसिंक हे फाइल-कॉपीचं साधन अर्धवट राहिलेलं काम पुढे नेतं.

माझ्या मते फोटो-व्हिडिओ हार्ड डिस्कवर आणि क्लाउडमध्ये ठेवा, होस्टिंगवर फक्त एन्क्रिप्ट केलेली छोटी महत्त्वाची कागदपत्रं, तीही अटींत बसत असेल तरच आणि तिसरी कॉपी म्हणून. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळालं तेव्हा ज्यांचा बॅकअपही तिथेच होता त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती काहीच उरलं नाही. आणि होस्टिंगच्या रिन्यूअलची तारीख कॅलेंडरमध्ये टाका, मुदत संपली की काही दिवसांत फायली पुसल्या जाऊ शकतात.