ट्रॅफर्डमध्ये ग्रामर की हायस्कूल?

इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या ट्रॅफर्ड भागात, सेलला राहणाऱ्या मावसबहिणीची मुलगी सध्या इयर फाइव्हमध्ये (नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात) आहे. बहिणीचा प्रश्न एकच: ग्रामरच्या, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या शाळेच्या, मागे लागू का?

फीचा मुद्दा चटकन संपतो. ट्रॅफर्डमधली सातही ग्रामर शाळा आणि तिथली हायस्कूलं सरकारी पैशावर चालतात, फी कुठेच नाही. खर्च होतो तो इलेव्हन प्लसच्या, म्हणजे ग्रामरच्या प्रवेशपरीक्षेच्या, शिकवणीवर.

खरा फरक मेहनतीचा. ग्रामरची परीक्षा इयर सिक्सच्या सुरुवातीला, सप्टेंबरमध्येच असते. म्हणजे दहा वर्षांच्या पोरीची उन्हाळी सुट्टी सरावात जाते. शिवाय पास झालं म्हणजे जागा मिळाली असं नाही. बऱ्याच ठिकाणी घराचा पत्ताही पाहतात. हायस्कूलला ही परीक्षाच नाही. अर्ज मात्र दोन्हींसाठी 31 ऑक्टोबरपर्यंत करायचा आणि उत्तर 1 मार्चच्या सुमारास येतं.

निकालांचं म्हणाल, तर ग्रामरचे जीसीएसईचे (सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेचे) आकडे उजवे दिसणारच, मुलं निवडूनच घेतलेली असतात. त्यामुळे शाळा किती शिकवते हे नुसत्या आकड्यांवरून कळत नाही. मी बहिणीला म्हटलं, दोन्हीकडचा ऑफस्टेडचा (शाळांची तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेचा) अहवाल वाच आणि शाळा भरलेली असताना एक चक्कर मार.

मुलीला कोडी सोडवायला मनापासून आवडत असतील, वेळेचं दडपण येत नसेल, तर ग्रामरचा प्रयत्न जरूर करा. परीक्षेच्या नावानं पोटात गोळा येत असेल, किंवा मैत्रिणींसोबत चालत जाता येईल अशी चांगली शाळा जवळ असेल, तर मी हायस्कूलच निवडेन.