लाकडी वन मीटर बोट: पूर्ण मोसम शर्यती खेळल्यानंतरचा अनुभव

लाकडाची बोट हळू पळते, हा समज आधी खोडून काढते. तळ्याकाठी माझी रिमोटवर चालणारी शिडाची छोटी बोट पाहिली की लाकडाची हळू पळत असेल ना, हाच पहिला प्रश्न येतो. मोसमभर तिला फायबरच्या बोटींच्या खांद्याला खांदा लावून पळवल्यावर उत्तर ठामपणे देता येतं: लाकडामुळे मी एकही शर्यत हरले नाही. ज्या हरले त्या चुकलेल्या स्टार्टमुळे, नाहीतर शीड नीट न लावल्यामुळे. लाकडी बोटीला सांभाळायचं असतं ते पाण्यापासून. कुठल्या भोकातून पाणी शिरतं आणि लाकूड ते कुठे पितं, यावर नजर ठेवली तर बाकी सगळं जमून जातं.

बोट इंटरनॅशनल वन मीटर वर्गातली आहे. हा वर्ग 1988 साली सुरू झाला. हलची, म्हणजे बोटीच्या मूळ सांगाड्याची, लांबी जास्तीत जास्त 1000 मिलिमीटर, पाण्याखालची खोली 420 मिलिमीटरपर्यंत, आणि पाण्यात उतरणाऱ्या बोटीचं वजन कमीत कमी 4000 ग्रॅम. फिन, म्हणजे तळाखाली पाण्यात उतरणारी उभी पाती, आणि तिच्या टोकाचा शिशाचा बल्ब मिळून 2200 ते 2500 ग्रॅम. हलमध्ये कार्बन आणि केवलार चालत नाही, काचेचं कापड आणि लाकूड चालतं.

लाकडाचं फावतं ते या आकड्यांमुळेच. फिन-बल्ब 2500 पर्यंत नेला तरी हल, डेक, सुकाणू, डोलकाठी, शिडं, सर्वो (सुकाणू आणि शिडं हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि बॅटरी या सगळ्यांना मिळून 1500 ग्रॅम उरतात. सीडरची हल त्यात आरामात बसते. माझी बोट काट्यावर 4000 च्या आत आली आणि प्रमाणपत्रासाठी मापन झालं तेव्हा आत शिशाचे तुकडे चिकटवावे लागले. त्याहून हलकी हल बांधून कुणालाच काही मिळत नाही, कारण वाचवलेलं वजन शेवटी शिसं म्हणून परत आतच जातं. फक्त ते शिसं कुठे बसवायचं हे आपल्या हातात राहतं. मी ते फिनच्या जवळ, जमेल तितकं खाली बसवलं. नाळेकडचं आणि मागचं टोक हलकं राहिलं की बोट लाटांवर कमी डुलते.

बांधणीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पुढे मोसमभर जे भोगायचं किंवा उपभोगायचं ते इथेच ठरतं. सपाट फळीवर प्लायचे आडवे साचे उलटे उभे करायचे आणि त्यांच्यावरून वेस्टर्न रेड सीडरच्या पट्ट्या एकेक करून चिकटवत जायचं. माझ्या पट्ट्या 6 बाय 3 मिलिमीटरच्या होत्या. हे लाकूड घनमीटरला साधारण 370 किलो भरतं, सरळ रेषांचं असतं आणि ओलसरपणात फारसं वाकडं होत नाही. बाल्सा याहून खूप हलका, पण त्यावर नखाचाही खड्डा पडतो आणि तो एपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) पितो, त्यामुळे वाचवलेलं वजन गोंदातच जातं. पहिली पट्टी डेकच्या कडेने लावावी आणि दोन्ही बाजू बरोबरीने चढवत न्याव्यात. एकच बाजू आधी पूर्ण केली तर सगळा सांगाडा तिकडे ओढला जातो आणि हल पिळते.

सगळ्यात जास्त वेळ घासण्यात जातो आणि तो जायलाच हवा. पॉलिश पेपर हातात धरून घासलं तर साच्यांच्या मधला भाग खोल जातो आणि हल बरगड्या दिसाव्यात तशी होते. लवचीक लांब पट्टीवर पेपर चिकटवायचा आणि तिरकं घासायचं, एकदा या कर्णात, एकदा त्या कर्णात. डोळ्यांपेक्षा बोटांचा भरवसा ठेवावा. डोळे मिटून तळवा नाळेपासून मागेपर्यंत फिरवला की उंचवटा लगेच कळतो. जाडी किती उरली ते नखाने टिचकी मारून ऐकायचं. जाड भागाचा आवाज बद्द येतो, पातळ होत गेला की टणत्कार वाढतो. दोन-अडीच मिलिमीटरवर मी थांबले.

त्यानंतर बाहेरून आणि आतून चौरस मीटरला 49 ग्रॅमचं काचेचं कापड एपॉक्सीने चढवलं. इतकं विरळ कापड एपॉक्सी मुरली की दिसेनासं होतं आणि सीडरचा तांबूस रंग उघडा राहतो. पण ते शोभेसाठी नाही. मध्ये लाकूड आणि दोन्ही बाजूंना काच अशी रचना झाली की हलचा ताठरपणा एकदम वाढतो. डोलकाठीच्या टोकापासून बोटीच्या मागच्या टोकाला येणारा मागचा दोर ताणून डोलकाठी खेचली तरी माझी हल वाकत नाही, म्हणून पुढच्या शिडाची कड सैल पडत नाही आणि बोट वाऱ्याच्या अंगावर उंच चढते. मोसमात मला सर्वात जास्त आनंद याच गोष्टीने दिला. एक सूचना: एपॉक्सी सुकल्यावर वर कधी कधी मेणचट थर येतो. पुढचा हात देण्याआधी तो साध्या पाण्याने धुवायचा. तसाच घासला तर तो पेपरने पृष्ठभागात आणखी भरला जातो आणि वरचं वॉर्निश पुढे सुटतं.

आता पाण्याचं. काच आणि वॉर्निशने झाकलेल्या सपाट पृष्ठभागातून पाणी शिरत नाही. ते शिरतं भोकांतून: फिनची खाच, सुकाण्याची नळी, डोलकाठीचा बुंधा, दोरांचे हूक, शिडाचा दोर डेकमधून बाहेर येतो ती जागा. तिथे लाकडाच्या कापलेल्या रेषा उघड्या पडतात आणि पाणी त्या रेषांनी लांबवर आत जातं. म्हणून मी प्रत्येक भोक आधी हवं त्यापेक्षा मोठं पाडलं, एपॉक्सीने पूर्ण भरलं आणि सुकल्यावर त्यातून योग्य मापाचं भोक पाडलं. त्यामुळे स्क्रू लाकडाला लागतच नाही. कंटाळवाणं काम आहे, पण मोसमाच्या शेवटी बोट पुन्हा काट्यावर ठेवली तेव्हा सुरुवातीच्या वजनात फरक दिसला नाही.

डेकवरच्या झाकणांच्या जागी मी चिकटपट्टीसारखं शिडाचं कापड वापरते. शर्यतीआधी डेक पूर्ण कोरडं करून, कडेने हाताच्या बोटाने दाबत ते चिकटवायचं. घरी आल्यावर ते काढायचं, मागची बूच उघडून आत आलेलं पाणी ओतायचं आणि बोट रात्रभर उघडी ठेवायची. हे एकदाही चुकवू नये. बंद बोटीत दमट हवा कोंडली की आधी रिसीव्हर आणि कनेक्टर हिरवे पडतात, लाकडाचा नंबर त्यानंतर.

उन्हाचाही विचार करायला हवा. घरच्या तापमानाला सुकलेली एपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागते, आणि गडद लाकूड उन्हात भराभर तापतं. बंद गाडीत किंवा थेट उन्हात हल ताणलेल्या दोरांसकट ठेवली तर आकार बिघडू शकतो. दोन शर्यतींच्या मधल्या वेळेत मी मागचा दोर सैल करते आणि बोटीवर पांढरं फडकं टाकते. उघडी एपॉक्सी उन्हाने पिवळी पडून पिठूळ होते, म्हणून अतिनील किरणं अडवणारं वॉर्निश हवंच. माझ्या बोटीवरचं वॉर्निश डेकच्या कडेला घासून पातळ झालंय, बाकी चकचकीत आहे.

धडका होतातच. रिमोटवरच्या शिडाच्या बोटींना शर्यतीच्या नियमपुस्तकातल्या परिशिष्ट ई चे नियम लागतात, चूक करणाऱ्याने एक पूर्ण गिरकी घ्यायची. पण गिरकीने आपल्या बोटीचा खड्डा भरत नाही. हलच्या पुढच्या टोकाला रबरासारखा मऊ भाग नियमानेच सक्तीचा आहे आणि त्यामुळे बरंच वाचतं. तरी एकदा एक बोट माझ्या कुशीत तिरकी घुसली आणि डेकच्या कडेजवळ पट्टी फुटली. फुटका भाग कापून काढला, दोन्ही टोकांना लांब उतार दिला, त्याच मापाचा सीडरचा तुकडा बसवला, वर काचेच्या कापडाचा छोटा तुकडा आणि वॉर्निश. पुढच्या फेरीला बोट हजर होती. आता ती जागा शोधायची तर प्रकाशात तिरकं धरून पाहावं लागतं. फायबरच्या बोटीवरही दुरुस्ती होते, पण रंग जुळवणं हा वेगळाच व्याप असतो.

एका बाबतीत फायबर पुढे आहे हे मान्य करायला हवं. साच्यातून निघालेली प्रत्येक हल सारखीच असते. लाकडाची हल बांधणाऱ्याच्या हाताइतकीच अचूक. विशेषतः फिनची पेटी, म्हणजे हलच्या आत फिन ज्या खोबणीत बसते ती. ती अर्धा अंश जरी वळली तरी बोट एका अंगाने चांगली चढते आणि दुसऱ्या अंगाने घसरते, आणि मग माणूस मोसमभर शिडांना दोष देत बसतो. म्हणून पेटी चिकटवताना फिन आणि डोलकाठी दोन्ही जागेवर लावून, लांबून एका रेषेत पाहूनच गोंद सुकू द्यावा. डेक लावायच्या आधी हे तपासणं सोपं असतं, नंतर जवळजवळ अशक्य.

शिडांचे ए, बी, सी असे मोठ्यापासून लहानापर्यंत तीन संच या वर्गात असतात. मी ए आणि बी वापरले, सी अजून पाण्यात उतरला नाही. ए चं क्षेत्रफळ सुमारे 0.6 चौरस मीटर. वारा वाढला की पाठवाऱ्यात नाळ पाण्यात घुसायला लागते, तेव्हा हट्ट न करता बी लावावा. माझ्या बोटीचं पुढचं टोक हलकं असल्याने ती थोडी उशिरा घुसते असं मला वाटतं, पण यात हलच्या रेषांचा वाटा किती आणि वजनाचा किती हे वेगळं काढता येणार नाही.

याच मोसमात शर्यत खेळायची असेल तर तयार फायबरची बोट घ्यावी. बांधणीत महिने जातात आणि घाई केली तर ती घासण्यात आणि फिनच्या पेटीत दिसते. ज्यांना हत्यारं हातात धरायला आवडतं, त्यांनी मात्र लाकडाला दुय्यम समजू नये.

माझ्या बोटीच्या सुकाण्याच्या नळीत आता किंचित ढिलेपणा आलाय. पुढच्या फेरीआधी तिथलं बुश (नळीतलं छोटं कडं) बदलणार, आणि डेकच्या कडेला वॉर्निशचे दोन हात देणार.