नागपुरात ड्रोन रोबोटिक्सचा कोर्स केला, ज्यांना करायचाय त्यांच्यासाठी

इथल्या एका युनिव्हर्सिटीचा ड्रोनचा प्रॅक्टिकल कोर्स नुकताच संपला आणि बरेच जण विचारून राहिले की कसा आहे, तर ज्याला ड्रोन आतून समजून घ्यायचाय त्याने नक्की करा, पण ज्याला फक्त रिमोट धरून शेतात फवारणी करायचीये त्याच्यासाठी हा नाहीच.

रेडिमेड ड्रोन इथे कोणी हातात देत नाही. फ्रेम, चार ब्रशलेस मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा मेंदू असलेला बोर्ड) सगळं सुटं मिळतं आणि सोल्डरिंगपासून सुरुवात. तिरप्या समोरासमोरच्या दोन मोटर एका बाजूने आणि उरलेल्या दोन उलट्या का फिरतात हे आधी पाठ होतं फक्त, सरांनी स्टँडवर चारही एकाच दिशेने फिरवल्या आणि अख्खी फ्रेम उलटीकडे गरागरा फिरायला लागली, तेव्हा टॉर्क म्हणजे काय ते खरं डोक्यात बसलं.

सगळ्यात भारी भाग पीआयडीचा, म्हणजे ड्रोन किती कलला ते बघून मोटरचा वेग सतत दुरुस्त करणारं गणित, त्यात पी, आय, डी असे तीन आकडे आपण जुळवायचे. ड्रोन एका आडव्या दांड्यावर बसवतात, सी-सॉसारखा फक्त एकाच रेषेत वर-खाली झुकेल असा, आणि त्याला सरळ धरायचा कोड आपणच लिहायचा. पी वाढवला की थरथरतो, डी दिला की शांत होतो, पण डी जास्त झाला की सेन्सरचा नॉइज मोटरपर्यंत जातो आणि मोटर गरम व्हायला लागतात. एका बाजूला थोडा कललेलाच राहिला तर आय लागतो. त्यात जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) चा आकडा हळूहळू सरकत जातो आणि अ‍ॅक्सेलरोमीटर (प्रवेग मोजणारा सेन्सर) चा कंपनामुळे उड्या मारतो, मग दोघांना फिल्टर नावाच्या गणितात एकत्र करून खरा कोन काढायचा. पहिल्यांदा तो दांड्यावर स्थिर राहिला ना, तेव्हा आमच्या ग्रुपने अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

नाराजी दोन गोष्टींवर आहे. ड्रोनच्या लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या फार कमी, सगळे ग्रुप रांगेत. आणि गॅझीबो सिम्युलेटर (कॉम्प्युटरवरच ड्रोन उडवून बघायचं सॉफ्टवेअर) लॅबच्या पीसीवर रांगत रांगत चालतं, स्वतःचा लॅपटॉप न्याच.

बाहेर उडवायला कमी मिळतं पण त्यात कॉलेजचा दोष नाही. सोनेगावचं विमानतळ शहरालाच लागून, त्याच्या हद्दीपासून 8 किमीपर्यंत यलो झोन, परवानगीशिवाय उडवता येत नाही, 8 ते 12 किमीत 200 फुटांपर्यंत चालतं. म्हणून आम्ही जाळी लावलेल्या हॉलमध्ये उडवलं आणि मोकळ्या सरावाला काटोल रोडने पार बाहेर गेलो, तेही आधी डिजिटल स्काय हा ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी नकाशा बघून.

आणखी एक, अ‍ॅडमिशनच्या वेळी कोणी नीट सांगत नाही म्हणून लिहितो. या कोर्सचं सर्टिफिकेट म्हणजे रिमोट पायलट सर्टिफिकेट, म्हणजे ड्रोन उडवायचा सरकारमान्य परवाना, नाही. फवारणीचा किंवा सर्व्हेचा धंदा करायचा तर ते वेगळं, डीजीसीएची (केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेल्या ट्रेनिंग सेंटरमधून घ्यावं लागतं, दहावी पास आणि वय 18 ते 65 पाहिजे.

बॅच निवडता येत असेल तर हिवाळ्याची घ्या. मे महिन्यात आपल्याकडे 45 डिग्रीत हवा पातळ होते, तेवढंच वजन उचलायला मोटर जास्त ओढतात, बॅटरी लवकर उतरते आणि वर थंड झाल्याशिवाय चार्जिंगलाही लावता येत नाही, अर्धी दुपार त्यातच जाते.